समृद्धीचा बॅनर

१ जुलै २०२५, मंगळवार

आज कळलं. चिमटे!

कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे. आमची समृद्धी वर्गात शिरली की ती कार्टी नाकाला चिमटे लावून बसतात. शाळा सुरू झाल्यापासून रोज. कारण काय, तर पहिल्या आठवड्यात आमच्या हिने, सखुबाईने, नातीला डब्यात सुकटीची चटणी दिली होती.

आम्ही समजत होतो पोरीला पित्त झालंय. सकाळी शाळेची बस आली की पोटात दुखायचं. आज सुनेने, निशिगंधाने, दप्तर धुवायला काढलं तर तळाशी लाल-हिरवे चिमटे. पोरीला म्हणाली, 'हे आपल्या घरातले नाहीत गं.' झालं, पोर रडायलाच लागली. घरी जाताना तेच चिमटे तिच्या दप्तरात टाकतात म्हणे. भेट म्हणून! पुढारी कोण, तर वर्गाची मॉनिटर.

आठवीतली पोर. माझ्या बापाने, आज्याने याच कोलशेतच्या खाडीवर मीठ पिकवलं. आता तिथे टॉवर. खिडकीतून खाडी दिसते म्हणून ही माणसं मिरवत राहायला आली, आणि त्यांच्या पोरांना खाडीतल्या सुकटीचा वास सोसत नाही. पाणी चालतं, मासा चालत नाही. वा रे वा!

२ जुलै

झोप नाही. बीपीची गोळी घेतली की नाही आठवेना, म्हणून परत घेतली. मग दोन झाल्या असतील तर काय, ही काळजी.

४ जुलै, शुक्रवार

शाळेत गेलो. मुलगा नयन म्हणत होता, 'आप्पा, तुम्ही नका येऊ, तुम्ही ओरडाल.' गेलोच. ओरडलो नाही. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत एसी इतका गार की तोंड उघडेना.

बाई गोड. फारच गोड. 'आजोबा, मुलं आहेत हो. फन म्हणून करतात.' मी म्हटलं, रोज? 'बुलिंग नाही म्हणता येणार याला. पिअर इश्यू आहे.' म्हणजे काय ते मला समजलं नाही. नयनला तरी कुठे समजलं असेल! पण प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. गावात चार माणसांवर डाफरणारा माझा मुलगा, तिथे नंदीबैल.

भिंतीवर तक्रारपेटी लावली आहे. कुलूप गंजलेलं. मी विचारलं, शेवटची कधी उघडली? किल्ली क्लार्ककडे असते म्हणे. क्लार्क म्हणाला मॅडमकडे असते. 

शेवटी बाईंनी न्याय केला. त्या मॉनिटरला आणि समृद्धीला बोलावून समोरासमोर उभं केलं. 'चला, दोघी एकमेकींना सॉरी म्हणा. शेक हँड!'

समृद्धीने कशाची माफी मागायची? सुकट खाल्ल्याची?

मागितली तिने. खाली बघून. आणि ती दुसरी छान हसली, बाईंकडे बघून. बाईही हसल्या. मिटलं प्रकरण! असल्या बाईला मी मिठाच्या गोणी मोजायलासुद्धा ठेवली नसती.

५ जुलै

चौकीत गेलो. एकटाच. नयनला सांगितलं नाही.

हवालदार चहा पीत होता. सगळं ऐकून घेतलं आणि विचारतो, 'चिमटा त्यांनी स्वतःच्या नाकाला लावला ना? तुमच्या नातीच्या नाकाला नाही ना लावला? मग?'

मी म्हटलं, रोज लावतात.

'मारलं? ढकललं? रक्त आलं? आजोबा, मी कलम कुठलं लावू? लहान मुलं आहेत. शाळेला सांगा.'

शाळेला सांगून आलो म्हटलं. 'मग परत सांगा.'

काही लागलं-बिगलं तर या, असंही म्हणाला. म्हणजे रक्त आल्यावर जायचं. पोरगी आतून वाळत चालली आहे, पण ते पोलिसांना दिसत नाही. यांना लाल रंगच दिसतो.

८ जुलै

संध्याकाळी लिनोबरोबर बांधावर बसलो होतो. कंपनीत बॉयलरवर आम्ही बरोबर होतो, तेव्हापासूनचा हा माणूस. रोज चर्चला जातो, तरी शिव्या माझ्यापेक्षा जास्त देतो.

म्हणाला, 'काळू, कॉलेजात रॅगिंग बोलला का प्रिन्सिपलची चड्डी ओली होते. शाळेत कोनाची होत नाय. का? तिकडं भीती हाय. हिकडं पन भीती पायजे.'

बरोबर बोलला. कायदाच कडक हवा. मी सातवी शिकलेला माणूस, पण काय हवं ते मला त्या एसीतल्या बाईपेक्षा बरं समजतं. तक्रार आली की शाळेने त्याच दिवशी लिहून घेतली पाहिजे आणि घरच्यांना पोच दिली पाहिजे. लपवली, तर गुन्हा मुख्याध्यापकांवर. पोरांना तुरुंगात घालून काय मिळणार? त्यांच्या आईबापांना बोलवा, कामधंदा सोडून आठवडाभर पोरामागच्या बाकावर बसवा. कळू दे. आणि ते 'शेक हँड' करायला लावणाऱ्या शाळेची मान्यताच काढा.

अजून एक. 'तुम्ही शाळा बदला ना' असं छळलेल्याच्या आईबापांना कुणी म्हणायचं नाही. बदलायची तर छळणाऱ्याने बदलावी. शाळेतून निघताना क्लार्क नयनला हेच हळूच म्हणाला होता. मी ऐकलं.

आज मन जरा हलकं आहे. समृद्धी जेवली. अर्धी भाकरी.

१० जुलै

गावदेवीच्या देवळात बैठक बोलावली. मीच बोलावली. कायद्याची मागणी एका घराची नको, सगळ्या गावाची हवी. आमदारांकडे मोर्चा न्यायचा, असं माझ्या डोक्यात होतं.

माणसं आली, ऐकलं, हळहळली. गावातल्या पोरांचा पुढारी रतन उभा राहिला. गळ्यात सोन्याचा साखळदंड, तोंडात मावा. 'काळुरामआप्पा, टेन्शन घेऊ नका. समृद्धी आपल्या गावाची पोर. पयला आपण बॅनर लावू!'

आणि सगळ्यांना पटलं. आमच्या गावात पोर दहावी पास झाली तर बॅनर, बैल शर्यतीत आला तर बॅनर, म्हातारा गेला तरी बॅनर. बॅनर लागल्याशिवाय गोष्ट घडली असं कुणाला वाटतच नाही.

मग जी जुंपली! कायद्यात काय हवं, यावर एक माणूस बोलला नाही. वर कुणाचा फोटो, खाली कुणाचा, कुणाचं डोकं कुणापेक्षा मोठं, यावर इतके भांडले की देव कंटाळला असेल. एकाला गॉगलमधलाच फोटो हवा होता. मूर्ख सगळे. पण म्हटलं, असू दे. मूर्खांच्या खांद्यावर बसून का होईना, मागणी मोठ्या माणसांच्या डोळ्यांसमोर तर जाईल.

समृद्धीचा फोटो मी दिला. शाळेच्या ड्रेसमधला, दोन वेण्यांचा. सुंदर आहे.

घरी सखुबाई म्हणाली, 'पोरीला इचारलं का कोनी?'

पोरीला काय विचारायचं! तिच्याच भल्यासाठी चाललंय ना? बायकांचं डोकं.

१३ जुलै, रविवार

लागला! केवढा मोठा! चौकात, रिक्षास्टँडच्या वर. वर लिहिलंय — 'शाळेतील छळाविरुद्ध कडक कायदा झालाच पाहिजे!' खाली — 'कोलशेतची कन्या कु. समृद्धी हिला न्याय द्या!' मध्ये समृद्धी, दुमजली घराएवढी. भोवती रतन आणि त्याची सगळी गॉगलवाली टोळी.

मी खाली उभा राहून कितीतरी वेळ बघत होतो. येणारे-जाणारे विचारत होते, कोण हो ही? मी सांगत होतो, माझी नात. चिमट्यांची सगळी गोष्ट सांगत होतो. एका रिक्षावाल्याने चक्क हळहळून मान हलवली.

आता बघू त्या एसीवाल्या बाई काय करतात!

१४ जुलै

शाळेची बस नेमकी त्या बॅनरखालीच थांबते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

समृद्धी शाळेतून आली ती सरळ पांघरुणात शिरली.

१६ जुलै

नयनच्या फोनवर कुणीतरी फोटो पाठवला. बॅनरखाली ती पोरं रांगेत उभी, नाकाला चिमटे, दोन बोटं वर केलेली. आणि वर माझी नात हसते आहे. शाळेतल्या सगळ्या वर्गांत फिरतोय तो फोटो. आता पाचवीतली पोरंही चिमटे आणतात.

नयनने फोन माझ्यासमोर धरला.  ओरडला असता तर बरं झालं असतं.

छातीत धडधडतंय. डॉक्टर म्हणतात गॅस आहे.

१७ जुलै

दाराबाहेर उभा राहून विचारलं, समृद्धी, दोन घास खातेस का गं? आतून आवाज आला. आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

'आप्पा, आधी फक्त माझ्या वर्गाला माहीत होतं. आता रिक्षावाल्याला पण माहीत आहे. तो मला विचारतो, चिमटेवाली तूच का?'

ताट उंबऱ्याशी ठेवलं. 

१८ जुलै

रतनकडे गेलो. बॅनर उतरव म्हटलं.

'आप्पा, असं कसं? केवढी हवा झालीय! मंगलवारी माझा बर्थडे हाय. त्यातच खाली शुभेच्छांची पट्टी जोडतो. नवीन कशाला लावायचा?'

म्हटलं, माझी पोर घराबाहेर पडत नाही रे.

'पडंल ना! फेमस झाली ती!'

त्याची बायको चहा घेऊन आली. मी घेतला नाही. या माणसाच्या घरचा चहा मी पुन्हा घेणार नाही. डोक्यात मेंदूच्या जागी माव्याचा चोथा आहे. आणि असल्या माणसाच्या हाती मी पोरीचा फोटो दिला!

महापालिकेत फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, अनधिकृत बॅनरची तक्रार ॲपवर करा. ॲप नाही माझ्याकडे. 'मग नातवंडांना सांगा ना, ती करून देतील.'

नातवंडांना सांगा!

२० जुलै, रविवार

सकाळी, भर बाजाराच्या वेळी, लिनोने शिडी धरली. मी चढलो. हातात घरचा कोयता. खालून लिनो ओरडत होता, 'काळू, पडशील म्हाताऱ्या! सावकाश मर!'  आधी दोऱ्या कापल्या, मग मधून फाडला. समृद्धीचा चेहरा काही फाडवेना. तेवढा भाग कापून घडी करून बगलेत धरला. रतनचा गॉगल मात्र तिरपा चिरला. बरं वाटलं.

खाली पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. दुपारी रतनने चौकीत तक्रार दिली — काळुरामने माझा बॅनर फाडला.

२१ जुलै

चौकीत बोलावलं. हवालदार तोच. चहाही तोच असावा.

या वेळी त्याला कलम शोधावं लागलं नाही. पुस्तकसुद्धा उघडलं नाही. नुकसान केलंत, हातात हत्यार होतं, शांतताभंग — भराभर बोलत गेला आणि लिहीत गेला. मी विचारलं, साहेब, पोरीच्या वेळेला तुमचं पेन कुठे गेलं होतं?

'आजोबा, तेव्हा काय फाटलं होतं?'

तर हा असा कायदा आहे. प्लास्टिकचं कापड फाटलं की धावत येतो. आठवीतली पोर फाटली तर त्याला चीरही दिसत नाही. मी आमदारांकडे एकटाच जाणार. बॅनर नाही, रतन नाही, फोटो नाही. दारात बसून राहीन. हाकलू दे.

उद्या जबाब द्यायला परत बोलावलंय. घरात सगळं सांगितलं. समृद्धी जिन्यात बसून ऐकत होती.

२२ जुलै

जबाबाला निघालो तर समृद्धी शाळेचा ड्रेस घालून तयार. 'मी पण येते.'  वाटलं, आप्पाची बाजू घ्यायला येतेय.

हवालदारासमोरची खुर्ची तिने ओढली. म्हणाली, 'माझी तक्रार लिहून घ्या. सगळ्यांची नावं सांगते.'

वर्गातल्या पोरांची सांगितली. मुख्याध्यापिकाबाईंचं सांगितलं. रतनचं सांगितलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. तो निमूट लिहीत होता.

पण या सगळ्यांच्या आधी तिने एक नाव सांगितलं होतं. ते माझं.