घरी भजे तळताना

७ एप्रिल, सोमवार
नागपूरच्या ऑफिसची मॅडम तपासणीले आली होती. सकाळी सातपासून फरशी घासून घासून हाताची सालटं निघाली. आमच्या बर्गर-चिकनच्या दुकानात तळणीपाशी एक खिळा हाय, वर्षभर रिकामा. आज त्याच्यावर कोपरापर्यंतचे जाड हातमोजे लटकले. मॅडमनं इचारलं, रोज घालता ना? सगळे एका सुरात, येस मॅम. किचनची सीनियर म्हणून मी सगळ्यात जोरात. मॅडम गेली, मोजे पुन्हा प्लॅस्टिकात, मॅनेजर विक्रांत सरच्या कपाटात, अन् किल्ली त्याच्या खिशात. तळणीवरची नसरीन म्हणे, ताई, ये तो दुल्हन का जोडा है, एक ही दिन निकलता. हसून हसून पोट दुखलं.

१३ एप्रिल, रविवार
अक्षर खराब येऊन राहिलं.
नसरीन भाजली. उजवा हात, मनगटापासून कोपरापर्यंत.
दुपारी दीडची गोष्ट. बाहेर रांग, आत तळणीतलं तेल काळं पडलेलं. तेल गाळायचं तर मशीन बंद करून आधी थंड होऊ द्या लागते. नव्या पोरींले मीच शिकवतो हे. सर म्हणे, थांबायले टाइम नाई, गरमच गाळा. मी मोजे मागतले. किल्ली पाहतो म्हणे अन् काउंटरवर निघून गेला. पाच मिनिटांनी तिथूनच ओरडला, अजून झालं नाई का? नसरीननं तळणीचा खालचा नळ उघडला. तेल उसळलं.
ती ओरडली नाई. नुसती हाताकडं पाहत राह्यली. ओरडली मी. सर धावत आला, अन् त्याचा पहिला शब्द काय?
"दार लावा. बाहेर ऐकू जाते."
माय व माय. पहिला शब्द!
मी तिचा हात नळाखाली धरला. टाकीचं पाणी, तेबी गरमच. मंग सरच्या गाडीत जठारपेठेतल्या दवाखान्यात. गाडी चालवता चालवता सर सांगून राहिला, घरी भजे तळताना भाजली म्हणा. ड्युटीवरचं म्हणलं तर पोलीस, दुकानाले कुलूप, सगळ्यायच्या पोटावर पाय.
डॉक्टरनं इचारलं कसं झालं. नसरीनची दातखीळ बसलेली. सर बाहेर फोनवर. डॉक्टरनं माझ्याकडं पाह्यलं.
"घरी भजे तळून राहिली होती," मी म्हणलं.
डोक्यावर दुकानाची टोपी. छातीवर नावाचा बिल्ला, माझ्या अन् तिच्याबी. अन् तोंडातून भजे! डॉक्टरनं टोपीकडं पाह्यलं अन् लिहून घेतलं.
काहून म्हणलं मी? सर तर तिथं नव्हताच.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती. सुट्टी नाई भेटली.
किचनमध्ये पाय टाकला तर काय! मोजे खिळ्यावर. सर मोबाईलनं फोटो काढून राहिला, एक जवळून, एक लांबून. मंग एक कागद माझ्यापुढं केला. मी नसरीनले मोजे देले होते, तिनं घातले नाई, असं छापलेलं, खाली माझं नाव. म्हणलं, सर, चष्मा घरी राह्यला, वाचता येत नाई. चष्मा खिशातच होता.
संध्याकाळी कॉलनीतल्या बाया पुतळ्यापाशी चल म्हणे. डोकं दुखते म्हणलं. कोणत्या तोंडानं जाऊ?

१९ एप्रिल, शनिवार
नसरीनच्या घरी. बोटं मिटत नाई. डॉक्टर म्हणे मांडीची कातडी काढून लावा लागंन, तरी पहिल्यासारखा हात होईलच असं नाई. अम्मी घास भरवते. सत्तावीस वर्षांची पोरगी, लग्नसराईत मेंदी काढायची, दोन नवऱ्या सांगून ठेवलेल्या. दोघींनी मेंदीले दुसरी पाह्यली.
अम्मीनं माझा हात धरला. म्हणे, शोभा आपा, तुम नहीं रहते तो मेरी बच्ची का क्या होता.
मी चहाचा कप खाली ठेवला. नसरीन भिंतीकडं पाहून राहिली होती, माझ्याकडं एकदाबी नाई.
निघताना अम्मीनं एक पत्र दाखवलं, इंग्रजीत हाय, वाचून दे म्हणे. कंपनीचं. न सांगता गैरहजर, सात दिवसांत खुलासा द्या. गैरहजर! ज्यानं गाडीत घालून नेलं, त्याचीच सही खाली. मी दोनदा वाचलं, मले वाटलं मलेच इंग्रजी समजत नाई.

२३ एप्रिल, बुधवार
अम्मी कामगार विम्याच्या ऑफिसात जाऊन आली. हात कायमचा अधू राह्यला तर पोरीले जलमभर आधार भेटू शकते, पण कामावर भाजली असंल तरच. केस पेपरवर काय लिहिलंय? घरी, भजे तळताना. तिथला बाबू म्हणे, आमी कागद पाहतो, बाई.
माझे दोन शब्द. सरचे नाई, माझे.

२६ एप्रिल, शनिवार
आज दुकानात केक कापला. या महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी: शोभा. काउंटरमागं भिंतीवर फोटो लावला, टोपी घातलेला. टाळ्या. काउंटरवरच्या पोरी बिचाऱ्या मनापासून वाजवून राहिल्या होत्या, त्यायले वाटते नसरीन खरंच सुट्टीवर हाय. सर म्हणे, अमरावतीले नवीन दुकान उघडते, किचनची इन्चार्ज तुमी. अकरा वर्षं ज्याची वाट पाह्यली ते असं यावं!
घरी आली तर आमच्या मालकानं आधीच पेढे आणलेले. सरनं यायलेच फोन केला होता. सगळ्या कॉलनीत सांगून मोकळे. मी माझा पेढा पुन्हा डब्यात ठेवला.

३ मे, शनिवार
दवाखान्यात गेली, एकटी. साध्या कपड्यात. डॉक्टरनं तरी ओळखलं. म्हणलं, सर, तो कागद बदलून द्या, ती कामावर भाजली होती.
"मले त्याच दिवशी दिसत होतं, बाई. पण रुग्णासोबतचा माणूस सांगते तेच मी लिहितो. तुमी लेखी द्या, मी जोडतो."
मी लगेच हो म्हणलं. तर म्हणे, आधी खोटं सांगतलं होतं हेबी त्याच्यात लिहा, अन् खाली नाव, सही, कुठं काम करता ते.
म्हणजे फोटो भिंतीवरून उतरला. अमरावती गेली. कदाचित उलट माझ्यावरच येईल. लिहून आणतो म्हणलं अन् पळाली तिथून. हो, पळालीच.

५ मे, सोमवार
अमरावतीचं पत्र आलं. बुधवारी सकाळी अकराले हजर व्हा.
घरात सांगतलं सगळं. हे आधी चिडले, मंग पोरीचं कॉलेज हाय पुढं, एवढंच म्हणे. खोटं नाई बोलले.

६ मे, मंगळवार
कागद लिहिला. चार ओळी, त्याले दुपार गेली. घेऊन नसरीनकडं गेली. वाटलं, आधी तिची माफी मागावी. डॉक्टरनं इचारलं तेव्हा तू शुद्धीवर नव्हती, असं मीच सुरू केलं. तिनं मधातच थांबवलं.
"होश में थी, ताई. मुंह नहीं खुल रहा था, कान खुले थे. मैं सोची, ताई हैं ना, ताई बोलेंगी."
भांडली नाई, रडली नाई. एवढं बोलून डाव्या हातानं पाण्याचा गिलास माझ्याकडं सरकवला, उन्हातून आली म्हणून.
मी तिथंच कागद काढला अन् सही केली. नाव, दुकान, हुद्दा, सगळं. अम्मीले काही समजलं नाई, ती म्हणे जेवून जा.
आता कागद पर्समध्ये हाय. दवाखाना उद्या दहाले उघडते. अमरावतीची गाडी साडेआठची, यायनं तिकीट काढून फ्रिजवर ठेवलं.