निनवे उर्फ नेर

घाटंजी,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. विजयमाला हिस,
दादाचा प्रभू येशूमध्ये सलाम.

फोनवर तुझा आवाज आला की मला हवापाण्यापलीकडे काही सुचत नाही, म्हणून कागद घेतला. तब्येत बरी आहे. उपासनेत उभं राहताना गुडघा तेवढा कुरकुरतो. इकडे कापूस फुटला आहे. संध्याकाळी गावाबाहेर गेलं की चंद्र उगवायच्या आधीच शेतात चांदणं सांडल्यासारखं दिसतं. तुमच्या राजूरला त्या चांदण्यावरही कोळशाची पूड बसत असेल.

हल्ली मला सारखी रामीबाई दिसते, आपली संडे स्कूलची. स्वप्न म्हणावं तर डोळे उघडे असतात. चिंचेखाली आपण पोरं, आणि ती पदर खोचून पवित्र शास्त्रातल्या त्या पळपुट्या संदेष्ट्याची गोष्ट सांगते आहे. निनवे शहर आपल्याला उमगायचं नाही म्हणून तिनं त्याचं सरळ नेर करून टाकलं होतं.

"देवानं त्याले म्हटलं, ऊठ, नेरले जाय. तिथले लोक लय पापी झाले, त्याइले सांग का तुमचा न्याय होनार हाय. तं हा बसला उलट्या बाजूनं, राजूरच्या गाडीत!"

"बाई, नेरचे लोक असं काय करतेत?" तू विचारलंस. एवढीशी होतीस.

"बाजारात काटा मारतेत. मंग त्या पळपुट्याले गियला समुद्रातल्या मोठ्या मास्यानं. पोटात अंधार कसा? राजूरच्या खानीत असते तसा."

मी नकाशात निनवे कधी शोधलंच नाही. मला ठाऊकच होतं, यवतमाळच्या पुढे, अमरावतीच्या वाटेवर. तुझं लग्न राजूरला ठरलं तेव्हा आपण किती हसलो होतो, विजूला माशाच्या पोटात दिली म्हणून! मेहुणे खाणीतून काळेठिक्कर होऊन यायचे, आणि तू दारातूनच ओरडायचीस, "आला वं संदेष्टा!"

शेवट मात्र रामीबाई घाईत उरकायची, घरी चूल वाट बघत असायची. माशानं बाहेर टाकलेला संदेष्टा नेरला जाऊन न्याय होणार म्हणून ओरडला, तसे नेरचे लोक गोणपाट नेसून रडले आणि देवाला दया आली. न्याय त्यानं मागे घेतला. संदेष्टा रुसला. मी एवढा ओरडत आलो, आणि यांना सोडून दिलं? तो वेशीबाहेर उन्हात जाऊन बसला. देवानं त्याच्या डोक्यावर सावलीला भोपळ्याचा वेल उगववला, आणि सकाळी त्याला कीड लावली. वेल वाळला तसा संदेष्टा हळहळला. देव म्हणाला, तुला एका वेलाची कीव येते, मग मला एवढ्या माणसांची येऊ नये?

इथे गोष्ट संपते. संदेष्ट्यानं काय उत्तर दिलं ते शास्त्रात नाही. आपले गुरुजी कवितेचा शेवटचा चरण फळ्यावर मोकळा सोडायचे आणि म्हणायचे, उद्या तुम्ही भरून आणा. तसंच काहीसं.

विजू, मी नेरला जाऊन आलो. कापसाचा भाव बघायला गेलो होतो असं लिहिणार होतो, पण माझा कापसाशी संबंध उशीपुरता, हे तुला माहीत आहे.

भाऊबीजेचा रविवार होता. गाडीत जो तो बहिणीकडे निघालेला, मांडीवर मिठाईचे डबे. बस भुजंगप्रयातात चालली होती. त्या वृत्तासाठी शाळेत "यमाचा" असा शब्द दिला होता, आठवतं? चारदा म्हटला की ओळ पुरी. यमाचा यमाचा यमाचा यमाचा. मी ताल धरला होता. एवढ्यात ते वळण आलं, जिथे तुझ्या लेकाची, आपल्या अमरची, मोटारसायकल पडली होती. माझी ओळ मधेच तुटली.

हो, मी नयनकडे गेलो होतो. ज्याचा ट्रक चालवताना डोळा लागला आणि आपला अमर गेला, त्या नयनकडे. शिक्षा भोगून तो नेरला परतला आहे. मातीच्या दिवशी तू म्हणाली होतीस, "त्याचा न्याय देव करन. दादा, तू मधात पडू नको." मी मधात पडायला गेलो नव्हतो. देवानं न्याय केला की नाही, तेवढं बघायला गेलो होतो.

आधी तिथल्या चर्चमध्ये उपासनेला बसलो. नयन शेवटच्या बाकावर, चपलांच्या ढिगापाशी. महिन्याचा पहिला रविवार, म्हणून प्रभुभोजन होतं, पापांची क्षमा झाली म्हणून घ्यायची ती भाकर. भाकरीचं ताट फिरत त्याच्यापर्यंत आलं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं आणि न घेता पुढे दिलं. द्राक्षरसाच्या प्याल्यांचंही तसंच. बाहेर पाळकसाहेब म्हणाले, "आम्ही कोणी अडवलं नाही त्याला. तुरुंगातून आला तेव्हापासून असाच करतो."

नयननं मला ओळखलं, आणि त्यानंच घरी चहाला नेलं. दारात मांडवावर भोपळ्याचा वेल, हिरवागार. खाली त्याची लेक खिदळत होती, आणि बायको दीपा तिच्यामागे वेणीचा कंगवा घेऊन धावत होती. मला राग आला, विजू. याच्या दारी वेल एवढा हिरवा कसा? कीड कुठे गेली? आणि मग तो राग मी ओळखला. लहानपणापासून गोष्टीत ऐकत आलो होतो, आपला असेल असं वाटलं नव्हतं.

"भोजन काहून घेत नाही रे?" मी विचारलं.

बशी त्याच्या हातात तशीच राहिली. "काका, देवानं माफ केलं असन. मी नाही नाही म्हनत. पन अमरच्या मायले न इचारता?"

"मंग इचारत काहून नाही?"

"कोन्या तोंडानं इचारू? माफी मांगनं म्हंजे तिच्याजवय अजून काही मांगनंच झालं ना. तिनं मले अजून काहून द्यावं?"

चहा निवला. तो तसाच पिऊन मी परतीची गाडी धरली.

त्याला क्षमा कर असं मी म्हणत नाही. तुझ्या वतीनं तो शब्द उच्चारायला मी कोण? पण तुला वाटत होतं की त्याचा न्याय देवाकडे आहे. तो न्याय तिथे नाही गं. तो राजूरला तुझ्या उंबऱ्याशी येऊन बसला आहे, आणि तुला कोणी कळवलंच नव्हतं. तेवढं कळवतो.

अजून एक लिहायचं राहिलं. त्या दिवशी मी त्याच्याच बाकावर बसलो होतो. त्यानं पुढे दिलेलं ताट माझ्याच हातात आलं. मीही घेतलं नाही. तुझ्याआधी माझा हात पुढे होईना.

एक डिसेंबरला पुन्हा प्रभुभोजन आहे. मी नेरला त्याच बाकावर असेन. यायचं वाटलं तर शनिवारीच घाटंजीला ये, सकाळी मिळून जाऊ. तिथे कोणाशी काही बोलू नकोस. ताटातली भाकर घे, नाहीतर न घेता पुढे दे, नाहीतर उठून चालती हो, मी तुझ्यामागे उठेन. नाही आलीस तर ते ताट आम्हा दोघांसमोरून तसंच पुढे जाईल, आणि त्याबद्दल मी तुला कधी विचारणार नाही.

शेवटचा चरण तुझ्यासाठी मोकळा सोडून,
नेरच्या वेशीवर बसलेला
तुझा दादा