शाळेच्या बोरचं सपाट पाणी

ती. अण्णारावमामांस,

सोनालीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? मामींचा खोकला येडशीच्या वैद्यांच्या काढ्यानं हटला का? माझी तब्येत उत्तम आहे, अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे.

तुमच्या नातीच्या, आपल्या शिवरंजनीच्या, आणि तिच्या वर्गातल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसायला लागले, म्हणून तुम्ही शाळेच्या बोरचं पाणी माझ्याकडे प्रयोगशाळेत तपासायला पाठवलंत. फ्लोराइड जास्त निघालं तर बोर बंद करायची. आमचं यंत्र पाण्यातले क्षार एकेक करून वेगळे काढतं आणि पडद्यावर प्रत्येकाचा एक डोंगर उठवतं. तुमच्या पाण्याला मात्र नुसतं माळरान, मध्ये एखादं वारूळ. मी (आठ वर्षांची अनुभवी) यंत्रच आजारी ठरवलं. पंपातली हवा काढली, नळ्या बदलल्या, द्रावण ताजं केलं, आणि शेवटी कुणी बघत नाही असं पाहून यंत्राला उदबत्ती ओवाळली. या खटपटीत तहान लागली की तुमच्याच कॅनमधलं पाणी प्यायचे आणि शेजारच्या टेबलावरच्या नंदाला ऐकवायचे, आमच्या मामाच्या गावच्या पाण्याची चव बघ. सगळं करून थकल्यावर क्षार मोजून घातलेलं पाणी यंत्रात सोडलं. (हे सगळ्यात आधी करायचं असतं. शिकाऊ मुलांना मीच तसं शिकवते, तेही आवाज चढवून.) एकामागून एक डोंगर उभे राहिले. यंत्र ठणठणीत होतं, म्हणजे पाणीच निर्दोष. माझा ऊर भरून आला आणि ‘फ्लोराइड नाही’ अशा अहवालावर सहीसाठी पेन टेकवलं.

तेवढ्यात मामींचा फोन आला. त्यांना फक्त पाणी पसंत पडलं का ते विचारायचं होतं. म्हणाल्या, “आगं, बोरचं पाणी लई मचूळ. भाचीच्या हापिसात तसलं कसं पाठवावं? तुझ्या मामानं पाव्हण्यांसाठीचं इकतचं जारचं भरून दिलं.”

मामा, मी रागावले नाही. लहानपणी सुट्टीत त्याच बोरच्या पाण्यानं तोंड वाकडं केलेली मी, आता कॅनभर गोड पाणी प्यायले आणि शंका आली नाही. रागवायला तोंड कुठलं? पण सही झाली असती तर पोरं बोरचं तेच पाणी पीत राहिली असती, म्हणून तो अहवाल आधी फाडून टाकला.

तुमची भाची,
सोनाली

ता. क. उदबत्तीचं मामींना सांगू नका. त्या नारळ पाठवतील.

आणखी एक ता. क. मुख्य सांगायचं ते हेच. नवा कॅन पाठवा, बोरचाच, मचूळ आहे तसा. माझा मान ठेवू नका. आणि निकाल येईपर्यंत ते पाहुण्यांसाठीचं जारचं पाणी शाळेतल्या पोरांना पाजा.