तुमच्या बरणीतले तीन किडे

सर, तुमच्या बरण्या आता माझ्या घरी आहेत. घोरावाडी स्टेशनच्या मागे माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, त्याच्या बाल्कनीत त्या ओळीनं ठेवल्यात. फॉर्मलिनच्या वासानं शेजारीण कुरकुर करते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत कुणी तुमचं कौतुक करायला लागलं की मी विषय बदलत आले. शाळेतल्या स्टाफरूममध्ये तुमचे दोन जुने विद्यार्थी आहेत, त्यांना वाटतं मला तुमच्या आठवणीनं भरून येतं. तसं काही नाही. मला राग येतो, आणि तो अजून कमी झालेला नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आयुष्यभर समुद्रातले जीव शिकवून तुम्ही निवृत्त झालात आणि घाटमाथ्यावर वलवणला बंगला बांधलात. समुद्र बरण्यांत भरून बरोबर आणलात. माझ्या पीएचडीचं काम तिथंच चालायचं, तुमच्या मागच्या खोलीत. शनिवारी-रविवारी माझे वडील, आबा, मला आमच्या वडिवळ्याहून गाडीवर कामशेतला सोडायचे, तिथून लोणावळा लोकल, मग धरणाच्या बाजूनं चालत तुमच्या फाटकापर्यंत. तुम्ही बशीत बरणीतलं थेंबभर पाणी ओतायचात आणि म्हणायचात, "वेगळे काढा." मी सुईनं त्यातले समुद्रकिडे वेगळे काढायची. नखाएवढे लांब, पांढरे, बाणासारखे सरळ. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाकडे आकडे, भक्ष्य धरायला. माशासारखे पर, अंगाला आणि शेपटीला. आकडे मोजायचे, दात मोजायचे, शेपटी अंगाच्या किती हिश्श्याची आहे ते मापायचं, मग कुठली जात ते ठरवायचं. दोन वर्षांत मी असे हजारो किडे पाहिले असतील.

पहिल्याच महिन्यात मी सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाले होते, "सर, हितं दात दिसत न्हाईत." तुम्ही कप खाली ठेवलात. "आधी नाही म्हणायला शिका. मोजायचं नंतर बघू." आत काकू भाजी चिरत होत्या, त्यांची विळी थांबली. त्यानंतर मी लोकलमध्ये खिडकीशी बसून मनातल्या मनात वाक्यं घासूनपुसून घ्यायची. आज मी वर्गात शुद्ध बोलते, पोरं मला पुण्याची समजतात. त्याचे आभार तुम्ही मागू नका.

मग ते तीन किडे. कोकणातल्या एका खाडीतली बरणी होती, तुम्हीच तरुणपणी होडीतून जाळं टाकून भरलेली. या किड्यांना शेपटीच्या अलीकडे दोन्ही अंगांना एकेक बारीक पिशवी असते, नराचं बीज साठवायची. नेहमीच्या जातीत ती गोल असते. या तिघांत तिला खांद्यासारखा उंचवटा होता आणि त्यावर एक खुंटी. अंगाचा परही नेहमीपेक्षा पुढून सुरू होत होता. मी तीन शनिवार तेच बघत बसले. चित्र काढलं, पुन्हा काढलं. चौथ्या शनिवारी तुमच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "सर, ही जात कुठल्याच पुस्तकात नाही." 'नाही' अगदी स्वच्छ म्हणाले.

तुम्ही बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलात. स्क्रू पुढं-मागं फिरवत राहिलात. मग म्हणालात, "पिकून फुटलेली पिशवी आहे. फॉर्मलिननं आकसलीय. नेहमीचीच जात."

"पण सर, तीन किड्यांच्या मिळून सहा पिशव्या. फुटल्या असत्या तर सहाच्या सहा सारख्याच कशा फुटतील?"

तुम्ही बशीतलं पाणी तिघांसकट एका कुपीत ओतलंत आणि ती बरणीत टाकून झाकण लावलंत. तुमच्यासमोर उलट बोलायचं नसतं हे मला माहीत होतं, पण मी उलट बोलले नव्हते, फक्त मोजलं होतं.

पुढच्या रविवारी आबा स्वतः आले, नव्या इंद्रायणी तांदळाची गोणी घेऊन. पोरीला शिकवताय म्हणून. त्यांना तुम्ही व्हरांड्यात उभंच ठेवलंत. मी आत होते, दार उघडं होतं. तुम्ही म्हणालात, "मुलीची नजर चांगली आहे, पण संशोधनाला नुसती नजर पुरत नाही. दोन वर्षं वाया घालवलीत तेवढी पुरे. लग्नाचं बघा आता." गोणी मात्र काकूंनी आत घेतली. परतताना आबा गाडी चालवत होते, त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. कामशेतच्या अलीकडे ते म्हणाले, "सर म्हनत्यात ते खरं आसंल, बाय. येवढा शिकल्याला मानूस खोटं कशापायी बोलंल?" आबांना मी काय सांगणार होते, पिशवीवरच्या खुंटीचं? मी पुन्हा वलवणला गेले नाही. बीएड केलं, नोकरी धरली. लग्न नाही केलं, तेवढं एक तुमचं ऐकलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. बंगला विकायचा ठरलाय, तिथं हॉटेल होणार, मुलगा बरण्या फेकून द्यायला निघालाय. "तू घेऊन जा ग. तू सोडून त्यांना हात कुणी लावला होता?" मी केवळ काकूंसाठी गेले. खोली तशीच होती. कपाटाच्या खालच्या फळीवर खाडीची ती बरणी होती, आणि तिच्यात ती छोटी कुपी. तेच तीन किडे. आतल्या चिठ्ठीवर तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'नवी जात?'

सर, मी तिथंच फरशीवर बसले.

शेजारी तुमची वही होती. मी गेल्यानंतरच्या आठवड्यापासूनच्या नोंदी होत्या त्यात. त्या किड्यांची चित्रं काढायचा तुम्ही नऊ वेळा प्रयत्न केला होतात. एकाही चित्रात खुंटी नव्हती. पिशवीच्या जागी नुसता डाग, रेषा थरथरलेली, खोडलेली. दहाव्या पानावर माझं चित्र डिंकानं चिकटवलेलं. काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्यांना दिसत नव्हतं ग तेव्हापासूनच. मोतीबिंदू. कुणाला सांगू द्यायचे नाहीत." म्हणजे त्या दिवशी सूक्ष्मदर्शकात तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं. "मला दिसत नाही" एवढंच म्हणायचं होतं. माझ्याकडून जो शब्द घोटून घेतलात तो तुम्हाला स्वतःला एकदाही म्हणता आला नाही. त्याऐवजी तुम्ही आबांना सांगितलंत की पोरगी कामाची नाही. तुमची कीव करावी अशी काकूंची इच्छा दिसली. मला नाही आली.

किनाऱ्यावरच्या एका संस्थेत एक तरुण संशोधिका याच किड्यांवर काम करते. तिला मी कुपी दाखवली. तिनं सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि दोन मिनिटांत म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं?" पण तीन जुन्या किड्यांवर भागणार नव्हतं, ताजे हवे होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्याच खाडीत होडीनं गेलो. जाळं वर आलं, तिनं पाणी बशीत ओतलं आणि म्हणाली, "बघा." मला आधी काहीच दिसेना. जिवंत किडा काचेसारखा आरपार असतो, सर. नुसते दोन काळे ठिपके, डोळे, आणि मग सर्रकन एक रेघ. तुम्ही मला दोन वर्षं मेलेले पांढरे किडे मोजायला लावलेत, आणि हे कसे दिसतात ते एकदाही सांगितलं नाहीत. मी पन्नाशीची बाई, त्या होडीत रडले. तिला वाटलं आनंदानं.

वर्णन लिहायला सगळा हिवाळा गेला. आकडे, दात, परांची जागा, खुंटीची उंची. चित्रं सगळी माझी. शेवटी नाव द्यायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "गुरूंचं नाव द्यायची पद्धत आहे. नमुने त्यांनीच गोळा केलेत." मी म्हटलं, "त्यांचं द्यायचं नाही." तिनं कारण विचारलं नाही. आम्ही खाडीचं नाव दिलं. खाडीनं कुणाचं काही बिघडवलेलं नव्हतं.

लेख छापून आल्यावर मी प्रत घेऊन काकूंकडे गेले. त्या आता मुलाकडे असतात, लोणावळ्यातच. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. त्यांनी चष्मा लावून माझी चित्रं पाहिली, पानांवरून हात फिरवला आणि विचारलं, "किड्याला ह्यांचंच नाव दिलंस ना ग?" शेवटून तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात तुमचं नाव आहे, नमुने कुणी गोळा केले त्या ओळीत. तेवढं लिहिणं भागच होतं. मी ते पान उघडलं, तुमच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हो. हे बघा." काकूंनी प्रत तुमच्या फोटोपुढं ठेवली आणि मला चहा टाकायला उठल्या.

हे पत्र मी लिहितेय आणि लिहून झालं की फाडून टाकणार आहे. काकूंसाठी खोटं बोलले असं मी स्वतःला सांगते. पण सर, बोट ठेवलं तेव्हा काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि मी 'हो' म्हणाले ते तुमच्या फोटोकडे बघून.