तळाच्या ओळीतला श्री

९ ऑक्टो., गुरुवार. सेनगाव

फाइल उघडत नाही. म्हणजे उघडते, तोवर चहा येतो, पिऊन होतो, कप विसळून होतात. दसऱ्यापासून हे असं.

एक्सेलच्या तक्त्यात गिऱ्हाइकांची नावं, नावापुढे दोन फणांतलं अंतर. पेरणीयंत्राचं ड्रॉइंग तिथून माप घेतं. नाव निवडलं की फण आपोआप सरकतात. मीच जोडलेलं. तेव्हा फार बरं वाटलं होतं.

सोमवारी संभाजीनगरला हजर व्हायचंय. नवी नोकरी, डिझाइनचीच. मारोतीकाकांना आज पुन्हा सांगितलं. कारखाना त्यांचा. वेल्डिंगवरून मान न उचलता: "जाय ना पोरी. पण फाइल चालती करून जाय. हरभऱ्याची पेरणी तोंडावर हाय."

माझ्यानंतर संगणक सुनंदावहिनी बघणार, काकांची सून. तक्त्यात नावं आत्ताही तीच भरते.

१० शुक्र.

नक्कल काढली. जुनी नावं कमी केली. फोटो काढून टाकले. फाइलचं वजन तेवढंच. जोड तोडला, पुन्हा जोडला. पडदा पांढरा. बाहेर घणाचा आवाज, थांबतच नाही, आणि आत मी

संभाजीनगरचा फोन. "नक्की येताय ना?" हो म्हणाले. फार घाईनं म्हणाले.

पुसेगावचे दोघे ट्रॅक्टर घेऊन दारात. एक जण खिडकीतून: "ताई, तुमच्या कम्पुटरले टॉनिक पाजा." मी हसले. मग पुन्हा फाइल उघडायला लावली.

११ शनि.

सापडलं.

कंट्रोल धरून एंड दाबलं. इतकं साधं. कर्सर थेट तक्त्याच्या तळाला, जिथे कोणी कधी जात नाही. तिथे एकच शब्द: श्री. तिथून वरपर्यंत लाखो रिकाम्या ओळी, सगळ्या पिवळ्या. ड्रॉइंग दर वेळी त्या सगळ्या उतरून जात होतं.

वहिनी म्हणाली, "खंडेनवमीला केलं म्या. घणाला हळद लावली, वेल्डिंगला लावली. पडद्यावर बोटं उमटतात, तुमी वरडता. म्हणून आतून लावली."

"पण तळापर्यंत?"

"नव्या यंत्राच्या पहिल्या फणाला लावतो, शेवटच्या फणाला लावतो. मंग ह्याचा शेवट कुठं हाय, तिथं नको?"

बराबर.

रिकाम्या ओळी पुसल्या. श्रीसुद्धा. फाइल चुटकीसरशी उघडली. मी ओरडलेच. काका आत आले. वहिनी पडद्याकडे बघत म्हणाली,

"श्री काहून पुसला?"

काका तसेच बाहेर गेले.

१२ रवि.

पेरणीयंत्राच्या प्लेटचं ड्रॉइंग कटिंगला जायचं होतं. काका पाठवू देत नाहीत. कारण सांगत नाहीत. वहिनी चहा ठेवते, कपबशीचा आवाज जास्त.

घरी जाऊन पिशवी भरली. उपसली. भरली.

दुपारी श्री परत लिहिला. तळाला नाही, शेवटच्या गिऱ्हाइकाच्या लगेच खाली. वहिनीला दाखवलं. नवं नाव आलं की ह्याला एक ओळ खाली सरकवायचं. आपला शेवट इथे.

"दर बारीला सरकवायचा?"

"नाव येईल तेव्हा."

"मंग न्हाई विसरणार."

ड्रॉइंग गेलं. काका हात पुसत म्हणाले, "जाय आता." एवढंच.

१३ सोम. स्टँडवर

वहिनीचा फोन. ड्रॉइंगच्या यादीत एक नाव वाढलंय. श्री. त्याच्यावर दाबलं की पडद्यावर यंत्र उभं राहतं.

माझी चूक. नावांच्या रकान्यात जे लिहाल ते ड्रॉइंगला गिऱ्हाईकच वाटतं. मधे एक ओळ मोकळी सोडायला हवी होती. फोनवर सांगण्यासारखं आहे. दोन वाक्यांत.

"कसं दिसून राहिलं यंत्र?"

"माप कुठं हाय त्याला? सगळे फण एकाच जागी. एकात एक."

मागून काकांचा आवाज: "पुसू नको म्हनावं. तिले म्हनावं, येऊन बघून जाय."

ती दोन वाक्यं सांगितली नाहीत. बघते म्हणाले. फोन ठेवला.

संभाजीनगरची गाडी लागलीय. कंडक्टर दारात. "ताई, चढता का?"

पिशवी खालीच आहे अजून