पाटावरचे बेल्ट

बाबा, आज खंडेनवमी. तुम्ही चौथीतच शाळा सोडवलीत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. सकाळी पाट मांडला, त्यावर थापी आणि तुमचा ओळंबा ठेवला. नात म्हणते, "आजी, पापाच्या साइटवरचे सेफ्टी बेल्ट पण ठेव ना, छान दिसतील." म्हटलं, "दिसायला ते काय हार आहेत?" तिला काय सांगू?

गाझियाबादची ती साइट. शेतांतून इमारती उगवत होत्या, आणि बिल्डरला दिवाळीआधी ताबा द्यायचा होता. ठेकेदार तुम्ही. त्या खंडेनवमीला पाटावर थापी एकच ठेवलीत, बाकीच्या कामावर. नवे कोरे बेल्ट मात्र सगळे मांडलेत, हळदकुंकू लावून. पूजेतलं दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायचं नाही. ठीक आहे, मग काम तरी बंद ठेवायचं! गिलाव्याचा मिस्त्री परांचीवर चढताना विचारतो, "बाऊजी, बेल्ट?" तुम्ही म्हणता, "आज पूजा है, कल मिलेगा. संभलके." मी शिऱ्याचं पातेलं घेऊन उभी. तो हसला, प्रसाद खाल्ला, हात पँटला पुसले नि चढला. दुपारी पडला तेव्हा ओरडलाही नाही.

पोलीस यायच्या आत तुम्ही नळावर बसून बेल्ट घासत होता. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुठल्याही बाईला ठाऊक. तुम्हाला नव्हतं. हात झटकून मागे सरलात. अजून भांडी घासताना माझी बोटं लाल झाली की ते हात तुमचेच दिसतात.

तुमच्या वकिलानं मला पढवलं होतं, बेल्ट दिले होते, मिस्त्रीनंच घातला नाही. कोर्टात मला विचारलं, बेल्ट कुठे होते? मी म्हटलं, "पाटावर." जजसाहेब म्हणाले, नुसते देऊनही भागलं नसतं, बेल्टशिवाय माणसाला वर चढू द्यायचं नाही, ही ठेकेदाराची जबाबदारी. बाहेर तुम्ही म्हणालात, "बापाला तुरुंगात घालतेस, कार्टे?" मी म्हटलं, "त्याच्या पोरांना बाप तरी उरलाय का?" सुटून आल्यावरही तुम्ही माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीत, मरेपर्यंत.

आज विचारलं तरी मी तेच सांगेन. मुलालाही बजावते, बेल्ट माणसाच्या कमरेला हवा. हा कागद पाठवायचा कुठे, पाटाखालीच सारते. एक मात्र आहे. पूजा झाली की मी तुमच्या ओळंब्यापुढे वाकते. कुणी विचारलं तर सांगते, अवजाराला नमस्कार केला. ते खरं नाही.