फोन सोडला त्याची गोष्ट

३ फेब्रु.
आजपासून एकवीस दिवस फोन बंद. बाबांची अँजिओप्लास्टी चालू असताना बाहेरच्या बाकावर मीच बोलून बसले, बाबा सुखरूप घरी येऊ देत, मी फोन सोडते. आई शहाणी, तिने बटाटा सोडला. मला कसली अवदसा आठवली? बाबा मस्त बरे. फोन आईच्या कपाटात, रेशमी साड्यांखाली.

५ फेब्रु.
युनि. मांडीवर थरथर झाली, हात खिशात, खिसा रिकामा. आज चार वेळा! लॅबची वेळ बदललेली, ग्रुपवर आलं होतं म्हणे. मी आपली कुलपासमोर उभी. वर्गात शेजारी बसणारी मैत्रीण काव्या हसून म्हणाली, "अय्यो, तुझ्या देवाला व्हॉट्सॲप चालतं का विचार की!" हसू आलं, मग रागच आला.

८ फेब्रु.
बसमध्ये रडले. फोनसाठी की बाबांसाठी, माझं मलाच कळेना. आई म्हणते, "सुम्ने, उगाच रडू नको, बाबा बरे आहेत ना!" बरे आहेत म्हणूनच तर फोन नाही ना. हे तिला कसं सांगू?

११ फेब्रु.
आई मावशीकडे बोगादीला. बाबा फिरायला गेले, अर्ध्या तासात येतो म्हणाले. दीड तास झाला. फोन लावला तर नवस मोडतो, मोडला आणि बाबांना काही झालं तर? नाही लावला आणि आधीच काही झालं असेल तर? शेवटी काढला. चार्जिंगला लावला. चालू केला. धडाधड मेसेज. काव्याचे, ग्रुपचे, कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो...
बेल वाजली. दारात बाबा, "मित्र भेटला गं, कॉफी प्यायलो."
तेव्हा आठवलं, फोन कशासाठी काढला होता. बाबांना लावलाच नव्हता. पाऊण तास! शी.

१२ फेब्रु.
कुणालाच सांगितलं नाही. आधीचे आठ दिवस धरायचे की पुन्हा एकपासून? की संपलंच सगळं?

१३ फेब्रु.
सकाळी बाबांना छातीत जड वाटलं. बाबा म्हणतात गॅस. आईने ताबडतोब ऑटो बोलावली. चप्पल घालता घालता मला हळूच, "तू पाळतेयस ना गं?"
हो म्हणाले.
ती म्हणाली, "मग काही होत नाही." आणि निघाली, अगदी निर्धास्त.